भाड्याचा वड

नगरच्या एमआयडीसीत ऋतुचक्र पॉलिमर्स नावाची एक कंपनी आहे. जुनं प्लास्टिक घेते, निवडते, धुते, वितळवते आणि त्याचा दाणा करून विकते. या कंपनीत दिवसाला किती टन दाणा निघतो, या साध्या प्रश्नाला तीन उत्तरं होती आणि तिन्ही खरी मानायची रीत होती. प्रदूषण मंडळवाल्यांच्या संमतीपत्रात पाच टन. प्रत्यक्ष कारखान्यात अकरा टन. आणि मालक अमृतशेठ यांच्या मनात पंचवीस टन. जिथे अख्ख्या जिल्ह्याचं नाव पाटीवर अहिल्यानगर आणि कंडक्टरच्या तोंडी नगर असतं, तिथे एका कंपनीने तीन आकडे बाळगले तर कोणाला वावगं वाटणार?

या तीन आकड्यांच्या मधोमध थॉमस उजागरे नावाचा माणूस उभा होता. तो आपण होऊन उभा राहिला नव्हता, त्याला उभं केलं होतं.

थॉमस कंपनीत लागला तो वजनकाट्यावर. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, रिकामी गाडी काट्यावर घ्यायची, एकातून दुसरी वजा करायची. वजाबाकी हे एकच गणित त्याने आयुष्यभर केलं आणि ते कधी चुकवलं नाही. त्याचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, बायको स्टेलाही शाळेत शिकवते. सावेडीत दोन खोल्यांचा फ्लॅट, एक स्कूटर, रविवारी चर्च. चर्चच्या कमिटीवर तो खजिनदार आहे, आणि दानपेटी त्याच्या समोर उघडली तर दुसऱ्या कोणी मोजायची गरज नाही, असा त्याचा लौकिक आहे.

हा लौकिकच त्याला भोवला.

झालं असं की संमतीपत्राचं नूतनीकरण आलं तेव्हा सल्लागाराने सांगितलं, कागदांवर पर्यावरणाची जबाबदारी घेणाऱ्या एका माणसाची सही लागेल. अमृतशेठ विचारात पडले. शेठ मूळचे तिसगावचे. तिथल्या आठवडे बाजारात भंगाराची हातगाडी लावत लावत ते इथवर आले होते, आणि वाटेत एक गोष्ट शिकले होते: माल आपला असावा, सही दुसऱ्याची असावी. त्यांनी थॉमसला केबिनमध्ये बोलावलं.

"उजागरे, तुम्ही चर्चच्या कमिटीवर आहात ना?"

"हो शेठ. खजिनदार."

"म्हणजे लोक तुमच्या सहीवर विश्वास ठेवतात."

"ठेवतात बहुतेक."

"मग झालं तर!"

आठवड्याभरात कार्डांचा डबा आला. थॉमस डी. उजागरे, पर्यावरण अधिकारी. कोपऱ्यात हिरवं पान. पगार होता तेवढाच राहिला, खुर्चीला मात्र चाकं आली. स्टेलाने एक कार्ड शोकेसमध्ये मुलांच्या ट्रॉफ्यांशेजारी उभं केलं.

काम सोपं होतं. 'मी, खाली सही करणारा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' अशी सुरुवात असलेले कागद यायचे. पहिल्या वर्षी थॉमसने ते पूर्ण वाचले. दुसऱ्या वर्षी अर्धे वाचले. तिसऱ्या वर्षी तो थेट सहीची जागा शोधू लागला. तपासणी असली की दाण्याच्या दुसऱ्या मशीनवर ताडपत्री पडायची, वर 'दुरुस्तीसाठी बंद' असा पुठ्ठा लागायचा आणि माल निवडणाऱ्या निम्म्या बायका गोदामामागे भाकरी खात बसायच्या. अधिकारी गेले की ताडपत्री निघायची, आणि चांगलं धडधाकट मशीन दुखण्यातून उठायचं. कोणाला त्यात गैर वाटत नव्हतं. आजारपणाची रजा माणसं घेतात, तशी मशीननेही घेतली.

मग सरकारने नवा नियम काढला. ज्या कंपन्या आपला माल प्लास्टिकात गुंडाळून विकतात, त्यांनी तेवढं प्लास्टिक पुन्हा वापरात आणल्याची प्रमाणपत्रं ऋतुचक्रसारख्या कारखान्यांकडून विकत घ्यायची. आणि कारखान्याने प्रमाणपत्रं किती विकायची? संमतीपत्रात जेवढी क्षमता लिहिली असेल तेवढ्यापर्यंत.

हा नियम नगर जिल्ह्यात सर्वांत आधी कोणाला समजला असेल तर अमृतशेठना. आजवर कागद लहान आणि कारखाना मोठा, ही सोय होती. आता कागद मोठा हवा होता. शेठनी पंचवीस टनांचा अर्ज करायला सांगितलं.

थॉमसला वजनकाट्याची खोड. तो म्हणाला, "शेठ, अकराचा करू या की. अकरा तर आपण काढतोच."

लग्नाच्या पंगतीत बसून पिठलं मागणाऱ्याकडे बघावं तसं शेठनी त्याच्याकडे बघितलं.

"अकरा कोण मागतं, उजागरे? अकरा तर आहेच आपल्याकडे!"

अशा रीतीने कागद पाचावरून पंचवीसवर गेला. अकरावर, म्हणजे खऱ्या ठिकाणी, तो क्षणभरही टेकला नाही.

अर्जाला प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं. सध्याचं उत्पादन पाच टन. पंचवीस टनांना पुरतील एवढी मशीनं बसवलेली. कंपनीच्या आवारात, जमिनीत लावलेली, चारशे झाडं. खाली थॉमसची सही. त्याची एक प्रत चुकून डब्याच्या पिशवीतून घरी आली आणि स्टेलाच्या हाती लागली. तिला वह्या तपासायची सवय. तिने चहा घेता घेता ती तपासली.

"अहो, चारशे झाडं?"

"हिरवा पट्टा म्हणतात त्याला. लागतो."

"मी आले होते ना तुमच्या कंपनीत, दसऱ्याच्या पूजेला? मला स्कूटर लावायला सावली मिळाली नव्हती."

थॉमसने बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं.

"हे खोटं निघालं तर कोणाला धरतील?" स्टेलाने विचारलं.

"कंपनीला."

"कंपनीची सही कुठे आहे यात? मला तर तुमचीच दिसते."

थॉमसने कागद हातात घेतला आणि पहिल्या वर्षानंतर प्रथमच पूर्ण वाचला. शेठचं नाव कुठेही नव्हतं. प्रत्येक वाक्याचा कर्ता 'मी' होता आणि तो मी म्हणजे थॉमस डी. उजागरे. आता सुटायची एकच वाट होती. पंचवीस टनांची संमती बिनबोभाट यावी आणि तो कागद सरकारी कपाटात कायमचा झोपावा. पाहणीत काही उघडं पडलं, तर खोट्या प्रतिज्ञेचा खटला त्याच्या नावावर होता.

"एक सांगून ठेवते," स्टेला कप उचलत म्हणाली. "सबजेल असो की येरवडा, डबा घेऊन मी येणार नाही. मला शाळा आहे."

झाडं लावायची म्हणजे वाढायला वर्षं जातात, आणि पाहणी पुढच्या आठवड्यात होती. पण देवाने थॉमसला मेहुणा दिला होता. स्टेलाचा धाकटा भाऊ डॅनी मनमाड रस्त्यावर नर्सरी चालवतो.

"दाजी, झाडं विकण्यात काही राम नाही," डॅनी म्हणाला. "विकलेलं झाड एकदाच कमावतं. भाड्याचं झाड मरेपर्यंत कमावतं. लग्नाला जातं, शोरूमच्या उद्घाटनाला जातं, आणि आता तर बघायलाच नको. अर्धी एमआयडीसी माझ्या झाडांवर हिरवी आहे."

"सगळीकडे तीच झाडं?"

"मग काय प्रत्येकाला वेगळी देऊ? पाहणी काय एका दिवशी असते का सगळ्यांची?"

डॅनीच्या ताफ्यातलं मानाचं झाड म्हणजे वड. निळा ड्रम अर्धा कापून त्यात वाढवलेला, माणसाच्या डोक्यावरून गेलेला, अंगाने भरलेला. वर्षातून एकदा, वटपौर्णिमेला, तो सावेडीतल्या सोसायट्यांना भाड्याने जायचा. सकाळी एका पार्किंगमध्ये, दुपारी दुसऱ्या. सावेडीतल्या निम्म्या नवऱ्यांचे सात जन्म त्या निळ्या ड्रमात होते.

टेम्पोच्या खेपा झाल्या. कुंड्यांभोवती माती लोटून झाडं जमिनीतलीच वाटतील अशी सोय केली. वड दर्शनी म्हणून फाटकासमोर खड्डा घेऊन ड्रमासकट पुरला. शेडमध्ये आणखी एक काम झालं. पंचवीस टनांना मशीनं कमी पडत होती, म्हणून शेठनी भंगारातून एक मेलेलं मशीन आणून हिरवं रंगवलं. आवाज यावा म्हणून त्याच्या पोटात एक जुना टेबलफॅन ठेवला. इतकी वर्षं पाहणीला जिवंत मशीन मेलेलं दाखवत होते, आता मेलेलं जिवंत दाखवायचं होतं. प्रगती यालाच म्हणतात.

पाहणी सोमवारी होती. पाहणीला येणाऱ्या मॅडमचा निरोप आला की जमत नाही, आठवड्यात कधीही येईन. झाडं मुक्कामी राहिली. आणि त्याच मुक्कामात वटपौर्णिमा आली.

आदल्या दिवशी डॅनीचा फोन आला. "दाजी, वड पाठवा. सावेडीतल्या बायका मला फाडून खातील."

"वड हलणार नाही. मॅडम कधीही येतील. तुला बायका खातील, मला सरकार खाईल."

"सरकार हळूहळू खातं, दाजी. बायका एका दिवसात संपवतात."

तरीही वड हलला नाही. त्या वर्षी सावेडीने फांद्यांवर भागवलं.

माल निवडणाऱ्या बायकांची पुढारी राहीबाई. खर्ड्याकडची. नवरा सहादेव कंपनीच्या शेजारीच एका गॅरेजात कामाला, म्हणजे असलाच तर. दर वर्षी या बायकांना सणाच्या दिवशी वड गाठायचा तर अर्धा दिवस मोडायचा आणि अर्ध्या दिवसाची हजेरी जायची. सकाळी फाटकातून आत येताच त्यांना समोर वड दिसला. राहीबाई थेट थॉमसच्या चाकांच्या खुर्चीपाशी आली.

"थॉमसभाऊ, ते झाड कंपनीचंच हाय ना?"

थॉमसने लिहून दिलेलं होतं. आता नाही कसं म्हणणार? "कंपनीचंच."

"मंग आमी पूजा केली तर चालंल का? जेवनाच्या सुट्टीत."

"चालेल की."

"शेठला सुबुद्धी झाली म्हनायची. न्हाईतर इतकी वर्सं एरंडसुद्दा लावला न्हवता."

जेवणाच्या सुट्टीत बायका जमल्या. हळद, कुंकू, आंबे, डझनावारी बायका आणि सुताची एकच गुंडी. ती पहिल्या पाच-सहा जणींतच संपली. राहीबाई उठली, शेडमध्ये गेली आणि गठ्ठे बांधायच्या पिवळ्या प्लास्टिकच्या दोरीचं अख्खं रीळ घेऊन आली.

"अगं बाई, ही कशी चालंल?" एकीने विचारलं.

"न चालायला काय झालं? सूत एका पावसात कुजतंय. ही सात जन्म हलायची न्हाई. सायबच सांगत्यात ना, प्लास्टिक मरत न्हाई म्हनून?"

बायका हसत हसत फेरे घेऊ लागल्या. पांढऱ्या सुतावर पिवळी दोरी चढत गेली. आणि तेवढ्यात फाटकातून सरकारी जीप आत आली.

मॅडमचं नाव निकिता दहिफळे. वय तिशीचं, बोलणं कमी, हातात कागद अडकवलेली पाटी. थॉमस पुढे झाला. मॅडमची नजर थेट वडावर खिळली होती.

"छान आहे हो वड," मॅडम म्हणाल्या.

थॉमस काही बोलायच्या आत राहीबाई म्हणाली, "या ना मॅडम! उपास हाय का तुमचा?"

"आहे. सकाळपासून फिरतेच आहे, पूजा राहिलीच."

"मंग ह्यो काय समोर हुभा हाय! काढा बूट. हल्ली वड सापडत न्हाई, लोकं फांदी तोडून घरात आनत्यात. पाप की काय न्हाई!"

मॅडमनी घड्याळ पाहिलं, थॉमसकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं. पाटी जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि बूट काढले. दोरी हातात घेताना त्या थबकल्या. "प्लास्टिकची?"

"कारखाना कशाचा हाय, मॅडम?" राहीबाई म्हणाली.

मॅडम हसल्या. फेरे घेतले, टोक खोचायला जागा मिळेना म्हणून स्वतः गाठ मारली. एकावर एक अशी दुहेरी गाठ, सरकारी शिस्तीची. नमस्कार केला, बूट चढवले आणि पाटी उचलून पाहणीला लागल्या.

हिरव्या मशीनपाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या. त्यांच्या कपाळावरची बट हलत होती.

"प्लास्टिक वितळवायचं मशीन ना हे? छान गार हवा देतंय."

"कूलिंग सिस्टीम आहे, मॅडम," थॉमस म्हणाला.

"अच्छा."

झाडं त्यांनी लांबूनच मोजली. वडाखाली पूजा केलेल्या माणसाला कुंडीच्या मातीत बोट घालणं बरं दिसत नाही. वड कधी लावला, असं विचारलं तेव्हा थॉमसने तीन वर्षं झाली असं सांगितलं. जीप गेली. अमृतशेठ केबिनमधून धावत बाहेर आले.

"उजागरे, देव आपल्या बाजूला आहे!"

"कोणता, शेठ?"

"जो रिकामा असेल तो!"

दुसऱ्या दिवशी डॅनी टेम्पो घेऊन हजर. एमआयडीसीच्या दुसऱ्या टोकाला कल्याणशेठ यांचा असाच कारखाना, तेच भंगार, तोच दाणा. त्यांच्याकडे शुक्रवारी पाहणी होती. ड्रम खड्ड्यातून वर आला. डॅनीने खिशातून कटर काढला आणि पिवळी दोरी कापायला वाकला, तोच राहीबाईचा आवाज आला.

"ए, हात लावशील तर बघ!"

"अहो मावशी, झाड न्यायचंय."

"कुठं नेतोस? कालच पूजा केली आमी!"

"कीड लागलीय," थॉमस मध्ये पडला. "औषधाला नेतोय. येईल परत."

राहीबाईला ते पटलं नाही, पण आजारी माणसाला दवाखान्यात जाऊ नको असं म्हणता येत नाही. "न्या. पन दोरी तोडायची न्हाई. आपली आपन तुटंल तवा तुटंल. माजा नवरा लई गुनाचा हाय असं न्हाई, पन हाय त्येवढा ऱ्हाऊ द्या."

ती गेल्यावर डॅनीने पुन्हा कटर काढला. थॉमसने त्याचा हात धरला.

"दोरीला हात लावायचा नाही, डॅनी."

"दाजी, आपल्याला काय त्याचं? आपण कुठे वड पूजतो?"

"म्हणूनच. दुसऱ्याच्या धर्माचं आहे. बायांनी नवऱ्याच्या आयुष्यासाठी बांधलंय, आपण कशाला पाप घ्यायचं?"

चारशे झाडांच्या प्रतिज्ञेवर सही करताना थॉमसचा हात हलला नव्हता. या दोरीच्या बाबतीत मात्र तो तसूभर मागे हटायला तयार नव्हता. माणसाची नीती कोणत्या खोलीत झोपलेली असते आणि कोणत्या दारावर थाप पडली की जागी होते, सांगता येत नाही. डॅनीने खांदे उडवले. वड पिवळ्या दोरीसह टेम्पोत चढला.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. डॅनी दबक्या आवाजात बोलत होता.

"दाजी, मी कल्याणशेठकडे आहे. त्याच मॅडम आल्यात."

"मग?"

"वडापाशी उभ्या आहेत."

"काय म्हणताहेत?"

"काहीच नाही. नुसती गाठ बघताहेत."

त्यानंतर मॅडमनी कल्याणशेठच्या आवारातली एकेक कुंडी पायाने हलवून पाहिली, असं डॅनीने संध्याकाळी येऊन सांगितलं. तिथून त्या नर्सरीत गेल्या नाहीत, एवढीच त्यातली बरी बातमी.

दोन्ही कंपन्यांना नोटिसा आल्या. ऋतुचक्रची नोटीस थॉमस डी. उजागरे, पर्यावरण अधिकारी, यांच्या नावाने होती. पाकिटावर स्टेलानेच सही करून ती घेतली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

अमृतशेठ डगमगले नाहीत. सुनावणीच्या दिवशी प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसच्या व्हरांड्यात त्यांनी थॉमसपुढे नवा टंकलेला कागद धरला.

"आपला वड चोरीला गेला. कल्याणशेठच्या माणसांनी नेला. यावर सही करा."

"चोरीला?"

"झाडावर आपल्याकडे बांधलेली दोरी आहे, खुद्द मॅडमची गाठ आहे. याहून मोठा पुरावा काय पाहिजे? झाड आपलंच!"

अडचण अशी होती की चार हातांवर कल्याणशेठ उभे होते आणि त्यांचा माणूस तशाच कागदावर सही करत होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वड मुळात त्यांचा, तो आधी ऋतुचक्रवाल्यांनी पळवला होता आणि त्यांनी फक्त परत आणला होता. ज्यांच्या आवारात एकही झाड नव्हतं असे दोन कारखानदार एका झाडासाठी जीव द्यायला निघाले होते. झाडाचा खरा मालक डॅनी बाहेरच्या बाकावर बसून होता. वड जप्त करतील, या काळजीने त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"सही करा, उजागरे," शेठ म्हणाले. "एक खोटं दिलंच आहे, दुसऱ्याने असं काय वजन वाढतंय?"

"वाढतं, शेठ," थॉमस म्हणाला. "काट्यावर बसलोय मी."

त्याने पेन परत दिलं आणि शिपायाने नाव पुकारल्यावर आत गेला. मागोमाग शेठही गेले, कारण कागद सहीशिवाय राहिला होता आणि कोणी तरी बोलायला हवं होतं.

आत मोठे साहेब बसले होते. निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर. शेजारी दहिफळे मॅडम. साहेबांनी दोन्ही फायली समोर ओढल्या.

"हा वड कोणाचा?"

शेठ बोलायला लागले. साहेबांनी हात वर केला. "सही यांची आहे. यांना बोलू द्या."

थॉमस टेबलापाशी गेला. "वड माझ्या मेहुण्याचा आहे, साहेब. भाड्याने आणला होता. बाहेर बसलाय."

"वड?"

"मेहुणा."

मॅडमनी खाली बघितलं. त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं की त्या हसू आवरत आहेत. "आणि माझी गाठ?"

"तशीच आहे, मॅडम. हात लावू दिला नाही कोणाला."

"ते पाहिलं मी."

"बाकीची झाडं?" साहेबांनी विचारलं.

"तीही त्याचीच. आवारात आमचं झाड एकही नाही. हिरवं मशीनही बंदच आहे, आत पंखा आहे."

अमृतशेठ छताकडे पाहू लागले. छतालाही एक पंखा होता.

"मग खरं उत्पादन किती?" साहेबांनी पेन उघडलं. "पाच की पंचवीस?"

"अकरा."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि फाईल मागून पुढे चाळली. सांडपाण्याच्या टाकीचं माप बघितलं, विजेचा भार बघितला, आवाराचा नकाशा बघितला.

"अहो, मग अकराचा अर्ज का केला नाहीत? तुमची टाकी अकराला पुरते. वीज पुरते. जागा पुरते. चार खरी झाडं लावून आला असतात तर पहिल्या फेरीत दिलं असतं. कितीतरी वर्षांपूर्वी."

थॉमसने शेठकडे पाहिलं. शेठ अजून पंख्यातच होते.

"अकरा मागायची पद्धत नव्हती, साहेब," तो म्हणाला.

पंचवीस टनांचा अर्ज फेटाळला गेला. परवान्यापेक्षा जास्त माल काढल्याबद्दल कंपनीला दंड झाला आणि नवी संमती येईपर्यंत मशीनं बंद राहिली. या खेपेला खरोखरच बंद, ताडपत्रीशिवाय. खोट्या प्रतिज्ञेबद्दल थॉमसचा जबाब घेतला. तो त्याने स्वतःहून दिला म्हणून लेखी ताकीद देऊन सोडलं, आणि यापुढे अर्जावर खुद्द मालकाचीच सही चालेल अशी अट घातली. अमृतशेठना ही अट दंडापेक्षा जास्त झोंबली. स्टेलाने ताकीदपत्र दोनदा वाचलं, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि डब्याचा विषय पुन्हा काढला नाही.

थॉमसला पर्यावरणातून काढून परत वजनकाट्यावर बसवलं. चाकांची खुर्ची शेठचा ड्रायव्हर छगन याला मिळाली, कार्डंही नवी छापून झाली. सही नसली तरी अधिकारी असावा लागतो. थॉमसची उरलेली कार्डं स्टेलाने शाळेत नेली. कोऱ्या बाजूला ती पहिलीच्या मुलांसाठी अक्षरं लिहिते.

पावसाळा संपता संपता अकरा टनांची संमती आली. अमृतशेठनी चौकात फ्लेक्स लावला: 'प्रामाणिकपणे अकरा टन!' आपला विचार पहिल्यापासून अकराचाच होता, असं ते आता सगळ्यांना सांगतात. संमतीत झाडांची अट होती, आणि झाडं भाड्याची चालणार नव्हती. रोपं आली, खड्डे झाले. वडासाठी राहीबाईने बायकांसकट केबिनबाहेर ठाण मांडलं, तेव्हा शेठनी तोही विकत घेतला. डॅनीने पूर्वी आलेलं भाडं किमतीतून वजा करायला साफ नकार दिला. सावेडीसाठी त्याने नवा वड लावला आहे, पण तो अजून कमरेएवढाच आहे.

वड आता वजनकाट्याच्या केबिनशेजारी, ड्रमाबाहेर, जमिनीत आहे. मुळं मोकळी झाल्यावर त्याने अंग धरलं आणि पिवळी दोरी खोडात रुतू लागली. ज्या जागी मॅडमची गाठ होती तिथे साल फुगली. थॉमस रोज बघत होता. शेवटी एका दुपारी त्याने राहीबाईला हाक मारली.

"राहीबाई, दोरी झाडाला काचतेय. तोडू का?"

राहीबाईने जवळ येऊन बोट घालून पाहिलं. "तोडा की."

"सहादेवचं काय?"

"त्याला काय हुतंय? परवाच गॅरेजातल्या खड्ड्यात पडला आन् हसत वर आला. झाडाला लई तरास नको."

छगन नव्या कार्डांचा डबा काखेत घेऊन उभा होता. त्याने काळजीने विचारलं, "थॉमसभाऊ, दोरी तोडायला काही परवानगी लागती का?"

"अजून तरी नाही," थॉमस म्हणाला आणि पातं चालवलं.

दोरी सुटली, पण गाठ काही सुटेना. राहीबाईने दातांनी ओढून पाहिलं, मग नाद सोडला. सगळी पिवळी दोरी तिने मनगटावर गुंडाळली, शेडमध्ये गेली आणि निवडलेल्या मालाच्या ढिगावर टाकली. त्या दिवशीच्या अकरा टनांत ती गाठीसकट गेली.